आत काय घालायचं

मुलगी घर सोडून गेली तरी केकच्या ऑर्डरी यायच्या थांबल्या नाहीत. डब्यावरच्या स्टिकरवर पहिल्यापासून माझाच नंबर होता. अनोळखी लोकांच्या हातात पोरीचा नंबर कशाला, असं तिचे पप्पा तेव्हा म्हणाले होते. त्यामुळं ती गेल्यावरही माझाच फोन वाजत राहिला.

ती बी.कॉम. झाली आणि साताऱ्यात केकचा कोर्स करून आली. आमच्या रहिमतपुरातल्या घराच्या मागच्या खोलीत ओव्हन बसवला. मी तिच्या हाताखाली असायची. डबे धुणं, डब्यात कागद लावणं, पीठ चाळणं. पुढं पुढं स्पंज मला तिच्याइतकाच जमायला लागला, क्रीमही जमलं. राहिलं ते फिलिंग. दोन थरांच्या मधे जे भरायचं, अननसाचं, आंब्याचं, ते ती स्वतःच करायची. सकाळी लवकर उठून बारक्या शेगडीवर शिजवून ठेवायची. मी उठेपर्यंत ते गार होऊन फ्रीजमध्ये गेलेलं असायचं, म्हणून कसं करते ते मी कधी बघितलंच नाही.

तिनं सांगलीत लग्न केलं, नोंदणी करून. मुलगा तिथल्या एका लॅबमध्ये कामाला. घरचे पूर्वेकडचे, दुष्काळी भागातले. आजोबांपर्यंत मेंढरं राखायचे, आता डाळिंब लावलंय. आमच्याकडं ऊस, आणि पिढ्या फौजेत. माझे मालकही फौजेतून रिटायर होऊन आलेले. त्यांनी आवाज चढवला नाही. जेवायच्या ताटावर बसून एवढंच म्हणाले, "ह्या घरात आता तिचा विषय नको." मी वाढत होते. वाढून झालं. मीही जेवायला बसले.

लोक विचारतात, रडला असाल खूप. नाही रडले. काय वाटत होतं ते आठवायला गेलं तर फारसं काही हाती लागत नाही. हात कुणा दुसरीचे असावेत तसे चालत होते. मैद्याची गोणी अर्धी शिल्लक होती आणि फोन वाजत होता, म्हणून केक करत राहिले. मालकांनी केकचं नाव काढलं नाही, मग बंद तरी कशाला करायचं.

पहिला फोन आला तो एका बाईंचा. "पायनॅपल करा, आत तुकडे घालून, नेहमीसारखा."

"आत काही नसतंय आता," मी म्हणाले. "वर क्रीम असंल."

"बरं, चालंल."

त्यानंतर सगळ्यांना तेच सांगत गेले. काहींना चालायचं, काही कोरेगावच्या बेकरीकडं वळले. दारात केक न्यायला येणारी माणसं माझ्या खांद्यावरून घरात बघायची. एकीनं सरळच विचारलं, "पोरगी काय म्हणती?" मी म्हणाले, "बरी हाय." ती बरी आहे की नाही मला माहीत नव्हतं. दुसरी एक गिऱ्हाईक म्हणाली, "ताई, केक चांगला हुता, पण घशात बसतोय हो जरा." मी स्पंजवर साखरेचं पाणी थोडं जास्त शिंपडायला लागले. त्यानं एवढंच झालं की केक ओला लागायचा. मऊ नाही लागायचा.

मग एक दिवस खताच्या दुकानवाले आले. मुलाचा वाढदिवस जवळ आलेला, पण त्यांची ऑर्डर दरवर्षी खरी असायची ती त्यांच्या आईसाठी. म्हातारीला दात नव्हते. नातवाच्या वाढदिवसाचा केक ती वाटीत घेऊन चमच्यानं खायची.

"काकी, त्योच मऊ केक," ते गाडीवरून न उतरताच म्हणाले. "आत रसाचं असतंय त्यो."

"फिलिंग बंद केलंय आता."

"कशापायी?"

"मला येत न्हाई."

त्यांनी गाडी बंद केली. "एवढं सगळं येतंय तुमाला, त्यात काय अवघड हाय? शिका की." मग माझ्या तोंडाकडं बघून आवाज जरा खाली आणला. "आई रोज इचारती, म्हणून म्हणलं. तुमी ठरवा आन् सांगा. न्हाई म्हणलासा तरी राग न्हाई."

ते गेले. ठरवण्यासारखं त्यात काय होतं, असं मला वाटलं, पण दिवसभर तेच डोक्यात राहिलं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. शेवटी बाजारातून अननस आणला. अर्धा सोलून, चिरून, साखर लावून ठेवला, आणि एका लहान केकच्या मधे भरला. तासाभरात केकखालच्या पुठ्ठ्यावर पाणी आलं. उचलायला गेले तर वरचा थर सरकून एका बाजूला आला. तो केक मालकांनी चहाबरोबर खाल्ला. चांगला म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत.

दुकानवाल्यांना नाही सांगून टाकावं असं मी ठरवलं. फोन हातात घेतला. मालक उसाला पाणी पाजायला गेलेले, शेतातली लाइट दुपारची होती. त्या दुकानवाल्यांचा नंबर शोधता शोधता मुलीचा नंबर दिसला. मी तो पुसला नव्हता. कधी लावलाही नव्हता. लावला.

"हॅलो," ती म्हणाली.

"मी हाय."

"व्हय."

"अननसाला पाणी सुटतंय," मी म्हणाले.

ती म्हणाली, "कच्चाच घातलास?"

"साखर लावून."

"मग सुटणारच की, मम्मी. शिजवून घ्यायचा. बारीक चिर, साखर टाक, त्याला जे पाणी सुटंल त्यातच शिजव. मग कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून घाल. दाट झालं की उतर. पार गार झाल्याबिगर लावू नकोस."

"पार म्हंजे किती?"

"भांड्याला हात लावल्यावर काय कळू नये, एवढं."

"वरचा थर सरकतोय."

"कडेनं आधी क्रीमचा बांध घाल. आन् मग मधी भर. वाफ्याला घालतो न्हाई का, तसा. आन् लय भरू नकोस."

"बरं."

तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली. ती उठली असावी, गॅस बारीक केल्यासारखा आवाज आला. परत आली. "अजून काय?"

अजून पुष्कळ होतं. मी म्हणाले, "न्हाई."

"ठेवू?"

"ठेव."

फोन ठेवला आणि मी उरलेला अर्धा अननस चिरायला घेतला. आता रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. शेगडीवर अननस शिजत होता, त्याचा वास खोलीभर झाला, ती असताना सकाळी यायचा तसाच.

दुकानवाल्यांना केक दिला. दुसऱ्या दिवशी ते सांगायला आले, "आई म्हणाली, त्योच हाय." मी म्हणाले, "बरं झालं."

पण आता खरं ठरवायचं होतं. एकाला फिलिंग घातलं की ते गावभर होतं. तसंच झालं. कुणी आंब्याचं मागितलं, कुणी चॉकलेटचं, कुणी गुलकंदाचं. मला येत होतं ते अननसाचं तेवढंच. बाकीचं करायचं तर दर वेळी फोन करावा लागणार. आणि साधाच केक द्यायचा ठरवलं तर कुणाला काही विचारायची गरज नव्हती. मी दोन्हीकडून विचार करून बघितला. कुठल्याच बाजूला जीव ओढ घेत नव्हता. गिऱ्हाईक फोनवर थांबलेलं असायचं आणि मी म्हणायची, "सांगते उद्या."

अशाच एका सकाळी मी क्रीमचा बांध घालत होते आणि मालक बूट घालायला दारात बसलेले. बघत होते.

"आत घालायचं कवा शिकलीस?"

"आत्ताच."

"कुणाकडनं?"

"तिच्याकडनं."

त्यांनी एका बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची. "तिनं फोन केलता?"

"मी केला."

"बरी हाय का?"

"इचारलं न्हाई."

त्यांनी मान वर केली. "का न्हाई इचारलं?"

"आवं, तुमीच म्हणला हुतासा, विषय नको."

ते उठले आणि शेताकडं गेले. दुपारी जेवायला आले. मी जेवण वाढलं, दुसरं काही काढलं नाही. पण त्या दिवशी मी आंब्याची ऑर्डर घेतली.

आंब्यासाठी फोन केला. आंब्याच्या फोडी शिजवायच्या नाहीत, नुसता रस जरा आटवायचा, असं ती म्हणाली. गुलकंदासाठी केला, त्यात नुसतं क्रीम फेटून मिसळायचं, गुलकंद जास्त घातला तर कडवट लागतं. आमचं बोलणं एवढंच असायचं. एकदा चॉकलेटचं विचारताना मी म्हणाले, "तू तिकडं कसलं चॉकलेट वापरतीस?"

"मी करत न्हाई आता," ती म्हणाली. "इथं ओव्हन न्हाई. दोन खोल्या हायत, त्यात कुठं करू?"

"बरं," मी म्हणाले. तिनं चॉकलेटचं सांगितलं, ते ऐकून घेतलं. नंतर लक्षात आलं की त्यातलं निम्मं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

माळ्यावर एक छोटा ओव्हन होता, कोर्सला जायच्या आधी घेतलेला. एक किलोच्या वरचा केक त्यात मावत नाही, म्हणून वर टाकलेला. रात्री जेवताना मी मालकांना म्हणाले, "त्यो बारका ओव्हन पडूनच हाय. तिच्याकडं न्हाई."

त्यांनी भाकरी कुस्करली. "एस.टी.ला पार्सल टाकावं."

"फुटंल."

"मग कुणीतरी घेऊन जाया पायजे."

एवढं बोलून ते आमटी ओतून घेऊन जेवले. दुसऱ्या दिवशी मी केक पोचवून आले तर ओव्हन खाली काढून पुसलेला होता. वायर गुंडाळून सुतळीनं बांधलेली.

रविवारी आम्ही मालकांच्या गाडीनं सांगलीला निघालो, विट्यावरून. रस्त्यात फार बोलणं झालं नाही. ओव्हन मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून ठेवला होता आणि प्रत्येक गतिरोधकाला ते गाडी एकदम हळू घ्यायचे.

ती राहते ती बिल्डिंग गल्लीच्या आत होती. जावई खाली आले. बारीक अंगाचे, चष्मा. त्यांनी वाकून नमस्कार केला, मला, मग मालकांना. मालकांनी पाय मागं घेतले नाहीत. जावयांनी ओव्हन उचलला. म्हणाले, "वर या की, पप्पा."

"पुढच्या खेपेला," मालक म्हणाले. "गाडी हितं लावलीया, कुणाला आडवी यायची." गल्ली रिकामी होती.

मी एकटीच वर गेले. ती दारात उभी होती. जरा वाळली होती. मला हाताला धरून आत नेलं आणि स्टुलावर बसवलं. ओव्हन ओट्याच्या टोकाला बसतो का ते आम्ही बघितलं; बसला, पण दार उघडलं की भिंतीला लागायचं. जावयांनी तो फिरवून लावला. मग ती चहा ठेवायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "फिलिंग सगळ्यांना चालू केलंस?"

"जी माणसं सांगतील त्यांनाच. आदल्या दिवशी सांगायचं. बाकीच्यांना साधा."

"ते बरंय. उन्हाळ्यात गाडीवर लांब नेणाऱ्याला देऊच नकोस. कितीबी सांगू दे. पोचेस्तोवर त्याचं पाणी पाणी होतं आन् नाव आपलं जातं."

"बरं."

आपलं, म्हणाली. मी ते ऐकलं आणि कपातला चहा संपवला. खाली नेण्यासाठी तिनं एका स्टीलच्या ग्लासात चहा ओतून त्यावर बशी झाकून दिली. जिना उतरताना तो थोडा सांडला. मालकांनी गाडीत बसूनच प्यायला. ग्लास परत न्यायला जावई माझ्याबरोबर खाली आले होते. मुलगी वर खिडकीत होती. मालकांनी मान वर केली. ती तिथंच उभी राहिली. हात कुणीच हलवला नाही.

तासगाव मागं पडल्यावर ते म्हणाले, "चहात साखर लय हुती."

"तिच्या सासरी तसाच करत असतील."

"असंल."

पुढं विट्याला गाडी थांबवून त्यांनी भाजी घेतली. घरी पोचलो तेव्हा दारात एक बाई थांबलेल्या होत्या, दुसऱ्या दिवशीच्या केकसाठी. मी चप्पल न काढताच त्यांची ऑर्डर घेतली.