टाके माझे, लाडूही माझेच

मैत्रिणींनो, आज माहेरी, निरगुडसरला, माझ्या लेकीचं बारसं झालं. राग अजून उतरला नाही, म्हणून लिहितेय.

आईनं माझ्यासाठी डिंकाचे लाडू आणले. तेवढ्यात माझ्या आत्तेसासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिला कशाला लाडू? हिनं कळा कुठं सोसल्या? आजकाल पोरींना आन् डॉक्टरांना, दोघांनाबी लई घाई."

बायका हसल्या. आईनं ओशाळून ताट मागं घेतलं. तेच मला लागलं.

मी म्हणाले, "आत्या, सिझर मीच मागितलं. बाळ मोठं होतं. मंचरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नॉर्मलसाठी थांबू, पण रात्री अडलं तर इथं भूल देणारा डॉक्टर मिळेलच असं नाही, पुण्याला न्यावं लागेल. भीती त्यांनाही होती, मलाही. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये जीपमध्ये बाळंत व्हायची मला हौस नव्हती!"

"पण कळा न्हाई सोसल्या ना?"

"नाही सोसल्या. टाके सोसतेय. साधा खोकला आला तरी पोट धरून बसते."

मग आईच्या हातातलं ताट ओढलं आणि त्यांच्यासमोरच अख्खा लाडू खाल्ला.

गेल्या वर्षी याच आत्यांच्या मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. निम्मं गाव शहाळी घेऊन बघायला गेलं होतं. "भूल कशाला घेतलीस, कळा सोसायच्या होत्यास," असं त्याला कुणी म्हणालं का हो?