परंड्याची कोळशाची खाण

लाकूडकाम काढलं की भुसा साठतो आणि रिकामे म्हातारे एकत्र बसले की किस्से साठतात. भुसा रोज झाडून टाकता येतो. किश्शांचं तसं नाही. ते चहाच्या टपरीवर आपल्या आधी पोचतात आणि परत येताना अंगानं भरून येतात. तेव्हा आमच्या खाणीचे किस्से मीच सांगितलेले बरे, असं वाटलं. बरोबर वाटलं की चूक, हे अजून ठरत नाही.

मंडळी चार. शिवलिंगअप्पांचं परंड्यात आडत दुकान. आता मुलं बघतात, मागचं गोदाम रिकामं पडलेलं. नाना अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेवर गार्ड होते. मेहबूबभाई सुतार, आधी बैलगाड्या केल्या, मग दारं-खिडक्या. चौथा मी. भूशास्त्राचा प्राध्यापक, पीएच.डी., चौतीस वर्षं नोकरी.

माझ्या मुलानं एक आगगाडी आणून दिली. म्हटलं तर खेळणं, पण खऱ्या गाडीच्या बरोबर सत्त्याऐंशीपट लहान. अप्पांच्या गोदामात दोन पलंगांएवढ्या फळीवर रूळ मांडले, गाडी फिरायला लागली. दोन दिवसांनी नानांनी विचारलं, "पण मालगाडी हाय तर माल कुठाय?" मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "आपण कोळशाची खाण बांधू. जुन्या पद्धतीची, सगळी लाकडी." सगळ्यांनी आदरानं माझ्याकडं पाहिलं.

तिथंच फसलो. कारण मी चौतीस वर्षं खाणी शिकवल्या, पण एकाही खाणीत उतरलेलो नाही. दरवर्षी सहल जायची. मुलं लोखंडी पिंजऱ्यात बसून खाली जायची आणि मी वर कचेरीत 'चर्चेसाठी' थांबायचो. बंद जागेत माझा जीव घुसमटतो. ही गोष्ट बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

काम सुरू होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच वाघमारेचा फोन. माझा जुना विद्यार्थी, चंद्रपूरकडं कोळसा खाणीत मोठा अधिकारी. "सर, पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला बार्शीला येतोय. तुम्ही खाण बांधताय म्हणे. बघायला येतो."

मी म्हणालो, "ये की." आणि रक्तदाबाची गोळी घेतली.

*

माझी पहिली हरकत शास्त्रीय होती. परंड्याखाली नुसता काळा पाषाण आहे, कोळसा निघणं अशक्य. हे मी तीन दिवस वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. वाघमारे आल्यावर पहिला आक्षेप हाच घेईल, अशी मला भीती. कोळशाऐवजी दगडाची खडी वाहू या, असंही सुचवून बघितलं.

अप्पांनी पान लावता लावता सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, खाली कोळसा न्हाय, हे मान्य. पण परंड्यात वर रेल्वे तरी कुठं हाय?"

खाणीचं काम पुढं चालू झालं.

*

मेहबूबभाईंसाठी मी रात्रंदिवस बसून नकाशा काढला. प्रत्येक माप सत्त्याऐंशीनं भागलं. एका खांबाची जाडी निघाली एक पूर्णांक चव्वेचाळीस शतांश मिलिमीटर. तसंच लिहून दिलं.

मेहबूबभाईंनी कागद उजेडाला धरला. कानावरची पेन्सिल काढली, लाकडावर एक रेघ मारली आणि मला बोलावलं.

"सर, ही माझी रेघच एक मिलिमीटरची हाय. तुमचा चव्वेचाळीस रेघेच्या अल्याडचा का पल्याडचा?"

मी म्हणालो, "अंदाजानं घ्या."

"मग अंदाजच लिवायचा होता की," ते म्हणाले. "कागद तरी वाचला असता."

*

लाकूड त्यांनी जुन्या बैलगाडीच्या जुवाचं काढलं होतं. एकेक काडी अशी तासली, की आगपेटीतली काडी तिच्यापुढं ओंडका वाटावी. सगळ्या काड्या घासून, तेल लावून, चकचकीत करून माझ्यापुढं ठेवल्या.

मी घाबरत म्हणालो, "मेहबूबभाई, खाण जुनी दिसायला हवी. फळ्या पिचलेल्या, धुरानं काळवंडलेल्या, एखादी निखळलेली."

त्यांनी एक काडी उचलून अंगठ्यानं पुसली. "सर, चाळीस वर्षं लोकांचं जुनं नवं करून दिलं. आता मरायच्या टायमाला नवं जुनं करू व्हय? लोक म्हणतील, म्हाताऱ्याची नजर गेली."

त्यानंतर पंधरा दिवस आमचं मुकं युद्ध चाललं. दुपारी मी चहाचं पाणी आणि काजळी फासून फळ्या कळकट करायचो. सकाळी येऊन बघावं, तर त्या पुन्हा चमकत असायच्या. शेवटी तडजोड झाली. आमची खाण पुढून शंभर वर्षांची आहे आणि मागून कालची.

*

गाडीबरोबर परदेशातून प्लॅस्टिकची बारा माणसं आली होती. नखाएवढी. सगळी गोरी, डोक्याला हॅट, हातात बॅग. मी त्यांना खाणीच्या तोंडाशी रांगेनं चिकटवलं.

अप्पा वाकून वाकून बघत होते. "सर, हे मजूर व्हय?"

"हो."

"ह्यातला एकबी काम करील असं वाटंना. मला तर निवडणुकीला आल्यावानी दिसतेत."

मग मेहबूबभाईंनी बाराही जणांच्या बॅगा कापल्या आणि हॅटची शिरस्त्राणं केली. त्यात एकाचा हात गेला. नानांनी लगेच काम थांबवलं. त्यांचं म्हणणं, रेल्वेच्या हद्दीत माणूस जखमी झाला, अहवाल लिहिल्याशिवाय गाडी सुटणार नाही. वहीत लिहिला. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. हुद्द्यापुढं त्यांनी स्वतःच भरलं होतं, 'खाणतज्ज्ञ'. माझी सही रेघ सोडून खाली घसरली. नाना म्हणाले, "वय झालं सर तुमचं."

*

गावभर बातमी गेली होती. माणसं दुकानात माल घालायला यायची आणि मागं गोदामात डोकावून जायची. एक दिवस शेळगावकडचा एक शेतकरी आला. त्यानं गाडीकडं बघितलं नाही, रुळांकडं बघितलं नाही. सरळ खाणीच्या तोंडावरच्या लाकडी मनोऱ्यापाशी आला आणि खालच्या भोकात एक डोळा घालून उभा राहिला.

"किती फुटाला लागलं?" त्यानं विचारलं.

मी संधी साधून सगळं समजावलं. ही विहीर नव्हे, खाण आहे. कोळशाचा थर कसा तयार होतो, त्याला किती कोटी वर्षं लागतात. त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती दाटून आली. मला वाटलं, विषय पोचला.

जाताना तो अप्पांना हळूच म्हणाला, "कोरडीच गेली म्हणा की. लई शिकल्यालं माणूस दिसतंय, वाईट वाटलं."

*

आता मनोऱ्याची गोष्ट. ती मी लपवणार होतो, पण टपरीवर ती आधीच गेलेली आहे.

खाणीच्या तोंडावर उंच लाकडी मनोरा असतो. त्याच्या डोक्यावर चाक. चाकावरून दोर खाली खाणीत जातो. दोराचं दुसरं टोक शेजारच्या यंत्रघरात. यंत्र दोर ओढतं, पिंजरा वर येतो. मनोरा पडू नये म्हणून त्याला एका बाजूला दोन तिरपे पाय देतात. त्यांना टेकू म्हणतात. मी माझ्या जुन्या वर्गातल्या टिपणांवरून टेकू काढून दिला, यंत्रघराच्या विरुद्ध बाजूला.

मेहबूबभाई म्हणाले, "सर, टेकू उलट्या अंगाला आलाय. ओढ इकडं, आन् टेकू तिकडं."

"तंबूची दोरी ओढीच्या उलट बाजूलाच बांधतात ना? तसं."

"तंबूला दोरी असती, ती धरून ठेवती. ह्यो लाकडाचा पाय हाय. लाकूड अंगावर भार घेतंय, मागनं धरून ठेवत न्हाय."

मी खडू घेतला. गोदामाच्या दारावर बलांचे बाण काढून अर्धा तास व्याख्यान दिलं. शेवटी ते म्हणाले, "बरं." आमच्याकडं 'बरं' म्हणजे पटलं असं नव्हे. 'बोलणं संपलं' एवढाच त्याचा अर्थ.

मनोरा माझ्या नकाशाप्रमाणं उभा राहिला. नानांनी हिरवी झेंडी दाखवली, अप्पांनी बटण दाबलं. यंत्रघरातली मोटर गुरगुरली, दोर ताणला गेला. टेकूचे दोन्ही पाय जमिनीवरून अलगद उचलले गेले, मनोरा कमरेत वाकला आणि यंत्रघराच्या छपरावर आडवा झाला. काड्या गोदामभर.

नानांनी झेंडी गुंडाळली. मग अप्पा म्हणाले, "काय का असंना, लवून नमस्कार लई चांगला केला."

मी म्हणालो, "मोटर जरा जास्त ताकदीची आली."

मेहबूबभाई गुडघ्यावर बसून टोपीत काड्या वेचत होते. "व्हय," ते म्हणाले. "मोटरच वाईट."

चार दिवसांनी मनोरा पुन्हा उभा होता. टेकू यंत्रघराच्या बाजूला. पिंजरा सुळकन वर आला, सुळकन खाली गेला. मी घरी जाऊन कपाटातलं जाडजूड परदेशी पुस्तक काढलं. आयुष्यभर त्यातली अक्षरं वाचली होती, चित्र नीट बघितलं नव्हतं. चित्रात टेकू मेहबूबभाईंच्या बाजूलाच होता. म्हणजे चौतीस वर्षं मी फळ्यावर उलटं काढलं. एकदा जरी खाणीवर मान वर करून बघितलं असतं, तरी कळलं असतं. पण तिथं गेलो की मी पंख्याखाली चर्चा करायचो. वर्गच्या वर्ग डोळ्यांसमोरून गेले. त्यात पहिल्या बाकावर वाघमारे, वहीत माझी आकृती उतरवून घेताना.

कदाचित तो विसरला असेल, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "कदाचित."

*

वाघमारे लग्नातून थेट आला. डोक्याला फेटा, कपाळावर कुंकू, पोट सुटलेलं. वाकून पाया पडला. मी त्याला बोलायला सवडच दिली नाही. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या प्रतीवर बोलत सुटलो. तो 'हो सर, हो सर' म्हणत फळीभोवती फिरला. मनोऱ्यापाशी आल्यावर फेटा काढून अप्पांच्या हातात दिला, गुडघे टेकले आणि डोळा फळीच्या पातळीला नेऊन बघत राहिला. मी बोलायचा थांबलो. कोळशाच्या प्रती संपल्या होत्या.

"सर, टेकू बरोबर बाजूला आहे."

"म्हणजे काय, असणारच," मी म्हणालो.

वाघमारे हसला. "तसं नाही सर. तुम्ही आम्हाला दुसऱ्या बाजूला शिकवला होता. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मी तसाच काढला. समोर तीन साहेब. एकानं कागद उलटा धरून बघितला, मग दुसऱ्याला दिला. त्यानंही उलटा धरून बघितला."

अप्पा फेटा सांभाळत पुढं सरकले. "मग?"

"मग काय. वर्षभर घरी बसलो." तो अजूनही हसत होता, पण बघत माझ्याकडं होता.

नानांनी वहीवरची मान वर केली नाही. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते मलाच बोलायला हवं होतं.

मेहबूबभाई कोपऱ्यात पॉलिश पेपरनं मालडब्याची कड घासत बसले होते. घासणं न थांबवता ते म्हणाले, "तवा सर तरणे होते, साहेब. चुकायचं वय होतं."