धनलक्ष्मी बुडता बुडता

माझा नवरा समुद्राची चित्रं काढतो आणि त्याला बोट लागते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर विलासने पहिलं काम केलं ते कार्ड छापून घेण्याचं. त्यावर नावाखाली ‘सागरचित्रकार’! हा सागरचित्रकार आयुष्यात एकदाच बोटीत बसला, तोही अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जायला. किनाऱ्यावरून किल्ला इतका जवळ की तिथल्या कोंबड्या दिसतात. तेवढ्या अंतरात विलास आधी हिरवा, मग पांढरा आणि शेवटी अशा एका रंगाचा झाला, जो त्याच्या रंगपेटीतही नाही. मी (आलेपाकाची वडी पुढे करत) ओरडत होते, “अरे, क्षितिजाकडे बघ! चित्रकार आहेस ना? क्षितिजाकडे बघ!” त्याने शेवटपर्यंत माझ्या चपलांकडेच बघितलं. परत येताना मी सगळ्या बोटीला त्याचं कार्ड वाटलं.

तेव्हापासून तो किनाऱ्यावर, सुरूच्या झाडाखाली, फोल्डिंगच्या खुर्चीत बसून चित्रं काढतो. फक्त वादळांची. शांत समुद्राला तो ‘टाकीतलं पाणी’ म्हणतो. त्यामुळे विरारच्या आमच्या दोन खोल्यांत बारा महिने तुफान असतं. कपाटामागे लाटा, फ्रीजमागे लाटा, माळ्यावर पिंपांच्या शेजारी लाटा. पाहुणा झोपायला आला की त्याच्या उशाशी एक जहाज फुटत असतं.

यातली एखादी तरी लाट घराबाहेर काढावी म्हणून मी जे डोकं चालवलं, तिथून पुढचं सगळं झालं.

हिराबाई ही माझी अर्नाळ्याची मासेवाली. तिचा नवरा जनार्दन नाखवा, त्यांची बोट ‘धनलक्ष्मी’. हंगामातलं पहिलं पापलेट हिराबाई बाजारात न्यायच्या आधी माझ्या दारात आणते. नवरा रुसला तर मी दोन दिवस आरामात काढते. हिराबाई रुसली, तर मात्र आमच्या घरात नुसती वांगी! त्यात पावसाळ्यातली मासेमारीची बंदी चालू होती आणि ताज्या मासळीवाचून माझी जीभ वाळत आली होती. अशात एक दिवस हिराबाई सुके बोंबील घेऊन आली आणि म्हणाली, “वैनी, नवं घर झालं. पन दारासमोरची भिंत कशी भुंडी दिसते बघा.”

“भुंडी कशाला ठेवतेस? आमचे हे तुझ्या धनलक्ष्मीचं चित्र काढून देतील. पूजेला भेट म्हणून!”

हिराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांसमोर पापलेट आलं.

विलास महिनाभर अर्नाळ्याला जात होता. बोट ओढून ठेवलेली, हा समोर खुर्ची टाकून बसलेला, जनार्दन दर तासाला चहा पाठवतोय. चित्र पूर्ण झाल्यावर मीसुद्धा ते तपासलं. म्हणजे, बोटीचं नाव बरोबर आहे का, झेंडा भगवा आहे का आणि फ्रेमचे खिळे बाहेर आलेले नाहीत ना, एवढं बघितलं. सगळं चोख होतं. कागदात गुंडाळलं, रिक्षात घातलं.

नारळी पौर्णिमा आठवड्यावर आलेली. सत्यनारायणाची पूजा आटपली, सगळी भावकी हॉलमध्ये दाटीवाटीने बसली. जनार्दनच्या म्हाताऱ्या आईने आपल्या हाताने चित्रावरचा कागद काढला.

कोणी टाळी वाजवली नाही. प्रसादाची वाटी घेतलेला एक हात तोंडाशी जाता जाता थांबला.

तीन मजली लाट. तिच्या पोटात धनलक्ष्मी, अर्धी आडवी. झेंडा फाटलेला. डेकवर दोन माणसं, हात वर करून ओरडणारी.

“ही... आपली बोट?” म्हातारीने विचारलं.

“हो तर! नाव वाचा ना,” विलास उत्साहाने म्हणाला.

“आनि हे दोघं कोन?”

“एक जनार्दनभाऊ. त्यांच्या शेजारी तुमचा नातू.”

म्हातारीने नातवाला ओढून जवळ घेतलं. हिराबाई मीठ-मिरच्या आणायला आत पळाली. विलासला वाटलं, लोक भारावले! तो पुढे झाला. “हा मानव आणि निसर्ग यांच्यातला संघर्ष आहे.”

“सायेब,” जनार्दन दात आवळून म्हणाला, “संघर्ष आमी तिकडं पान्यात करतो. घरी आल्यावर भिंतीवर कशाला?”

“पण यात एक गती आहे...”

“गती हाय, पन कुठं? खाली!”

मीठ-मिरच्या आधी जनार्दनवरून ओवाळल्या, मग नातवावरून, मग चित्रावरून. शेवटी एका काकूने थोडा विचार करून त्या विलासवरूनही ओवाळल्या. चित्र आमच्या हातात परत आलं, तोंड आतल्या बाजूला करून. आणि दारात हिराबाई मला म्हणाली, “या, बाई.”

बाई! इतकी वर्षं मी ‘वैनी’ होते. रिक्षात बसेपर्यंत मला वांग्यांचा वास यायला लागला.

घरी आल्यावर मी म्हटलं, “विलास, हा समुद्र शांत कर.”

“समुद्र कोणाचं ऐकत नाही.”

“तू ऐकतोस ना? मग उचल ब्रश.”

“मी टाकीतलं पाणी रंगवणार नाही!” असं म्हणून सागरचित्रकार रागाने बदलापूरला बहिणीकडे निघून गेले. (तिथे समुद्र नाही. चकल्या मात्र चांगल्या मिळतात.)

मी चित्र जेवणाच्या टेबलावर आडवं टाकलं. खिडकीच्या ग्रिलचा आकाशी ऑइलपेंट अर्धा डबा शिल्लक होता. लाट खरवडली आणि त्यावर सपासप दोन हात मारले. समुद्र ताबडतोब शांत झाला. पण बोट तिरकीच! आता शांत पाण्यात ती अशी कललेली दिसायला लागली, जणू नाखव्याने सकाळपासूनच घेतली आहे.

मग मी चित्रच फिरवलं. बोट सरळ दिसेपर्यंत फिरवलं, पट्टीने चौकोन आखला आणि शंकरपाळे कापावेत तसं चारही बाजूंनी कापून टाकलं. फिरवल्याने तिरकं झालेलं पाणी पुन्हा सपाट केलं. झेंडा शिवला, म्हणजे रंगाने. राहिले ते हात वर करून ओरडणारे दोघं. हात खाली आणणं काही मला जमेना. तेव्हा त्या चार हातांत मी एक पापलेट दिलं. चारही हातांना पुरायला हवं म्हणून ते वासराएवढं झालं! तोंडं उघडीच होती, ती आता आनंदाने उघडी दिसायला लागली.

नाक्यावरच्या फ्रेमवाल्याने काही न विचारता नवी फ्रेम ठोकली. नारळी पौर्णिमेच्या सकाळी मी एकटीच अर्नाळ्याला गेले. हिराबाई दार अडवून उभी राहिली. जनार्दनने कागदाचा एक कोपरा उचलून आधी एका डोळ्याने बघितलं. मग दोन्ही डोळ्यांनी.

“आता कशी! आये, बघ गो, पापलेट बघ!”

म्हातारी जवळ आली. पाण्यावरून बोट फिरवलं, माशाच्या शेपटीपाशी थांबली आणि हसली. भिंतीवर खिळा ठोकला गेला.

“पन बाई,” हिराबाई म्हणाली, “त्या दिवशी मोठं होतं. लहान कसं झालं?”

मी पापणीही न हलवता म्हटलं, “वाळल्यावर आक्रसतं.”

“बोंबलावानी?”

“अगदी.”

सगळ्या हॉलने मान डोलावली. माझ्या उभ्या आयुष्यात माझं कुठलंही स्पष्टीकरण इतक्या सहज पटलं नव्हतं. “चा घेऊन जावा, वैनी,” हिराबाई म्हणाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

धनलक्ष्मीला पहिल्याच फेरीला मासळी चांगली लागली. दारात पापलेट आलं, त्याच दिवशी विलासही आला. हिराबाईने उत्साहाने त्याला आपल्या मोबाइलमधला भिंतीचा फोटो दाखवला. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला.

“यातला संघर्ष कुठे गेला?”

“तव्यावर आहे. वाढू?”

“आणि माझी सही?”

ती कॅनव्हासच्या कापलेल्या तुकड्यात गेली होती. त्याच तुकड्याने मी पापलेटाचा तवा उतरवत होते.

त्याने ताट पुढे ओढलं. पुढे सगळा अर्नाळा आमच्याकडे लोटला, म्हणजे गल्लीतले सहा नाखवे. सगळ्यांची एकच मागणी: बोट सरळ, समुद्र निळा, हातात पापलेट. आणि चित्र ‘पेंटरीनबाईं’नीच काढायचं! (माझ्या नखांतला आकाशी रंग हिराबाईने त्या दिवशीच टिपला होता.) पापलेटाच्या ओढीने मी सगळ्यांना हो म्हणून बसले. आता फ्रीजमागे, कपाटामागे आणि माळ्यावर विलासच्या तुफानांशेजारी माझ्या टाकीतल्या पाण्याची भर पडली आहे.

गेल्या रविवारी एका नाखव्याने आग्रह धरला, “बाई, माझी बोट किनाऱ्यावरून नका काढू. पान्यातून बघा, लय रुबाबदार दिसते.” मीही ऐटीत होडीत चढले. किनारा जरा मागे पडला आणि मी नाखव्याच्या पायांकडे बघायला लागले. त्यानंतर दुसरीकडे कुठे बघणं मला शक्य झालं नाही.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली, फोल्डिंगच्या खुर्चीवर उभा राहून, एका हातात माझे ब्रश आणि दुसऱ्या हातात आलेपाकाची वडी धरून, विलास सगळ्या अर्नाळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता, “क्षितिजाकडे बघ! अगं, चित्रकार आहेस ना? क्षितिजाकडे बघ!”