आई प्रभुभोजनाआधी उठली

शेलूबाजारहून जीपनं थोडं आत गेलं की आमचं गाव. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि आमचं चर्च म्हणजे टिनपत्र्याची एक लांबट खोली. बाक नाहीत, सतरंजीवर बसायचं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा अमरावतीचे पाहुणे मुद्दाम रविवार धरून आले. मुलाच्या आईला आमची उपासना बघायची होती. त्यांचं चर्च मोठं, रंगीत काचांचं. आमचं पाहून त्यांना काय वाटेल, या धाकधुकीत मी त्यांच्या आणि आईच्या मध्ये बसले होते.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला वाटण्याआधी पाळकसाहेब दर वेळी सांगतात, "कोणाचं कोणाशी वैर असेल तर आधी ते मिटवा." दर वेळी सगळे डोळे मिटून गप्प बसतात आणि पुढचं गीत सुरू होतं. या वेळी आई उठून उभी राहिली.

"पाळकसाहेब, माहं शेजारणीशी वाजलं हाय. थांबता का जरासे? मी जाऊन येतो."

पाळकसाहेबांनी प्याल्यावर पुन्हा फडकं टाकलं. "जा बाई. आमी थांबतो."

माझे कान तापले. पाहुण्यांसमोर हे आजच कशाला? पण मुलाची आईच माझ्याकडे वाकून हळू म्हणाली, "तूही जा. एकटीनं जाणं जड असतं."

भांडण आठवडाभरापूर्वीचं. शेजारणीच्या शेळ्या आमच्या हरभऱ्यात शिरल्या, अर्धा तास फिरून चरल्या. आईचा राग खरा होता. पण हातपंपावर, चार बायांसमोर, ती बोलून गेली, "तुह्या घरात पाळणा हालत नाही, ते उगाच नाही." शेजारणीची सून घागर घेऊन तिथंच उभी होती. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

आम्ही गेलो तेव्हा शेजारीण अंगणात तूर पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"आज तं तुमचा रविवार हाय. इकडं काहून आली?"

"तुह्याकडंच आलो."

"शेळ्या माह्याच होत्या. मी कुठं नाही म्हनतो?"

"शेळ्याईचं सोड वं," आई म्हणाली. "हरभरा पुन्हा येईन. मी तुह्या सुनेले जे बोललो, ते बोलायचं नव्हतं. तिले बोलाव."

सून दारात आली. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल. माझ्या आईनं, जिच्यापुढे घरात कोणाचं चालत नाही, त्या पोरीपुढे दोन्ही हात जोडले. "बाई, माही जीभ घाण झाली होती. मले माफ कर."

सून म्हणाली, "काकू, मी ते इसरलो नाही. लवकर इसरनारही नाही. पण तुमी घरी आल्या, हे ध्यानात ठेवीन."

"तेवढं खूप हाय," आई म्हणाली. तिनं आणखी काही मागितलं नाही, बायबलातलं एक वचनही ऐकवलं नाही. शेजारणीनं सूप खाली ठेवलं आणि पाण्याचा गिलास आणला. आई उभ्यानंच प्याली.

परतताना गाण्याचा आवाज रस्त्यावरच ऐकू आला. मंडळी आमच्यासाठी एकामागून एक गीतं म्हणत बसली होती, कोणी उठून गेलं नव्हतं. आई आत शिरली, म्हणाली, "झालं, पाळकसाहेब," आणि आपल्या जागी बसली. भाकरीचा तुकडा तिनं दोन्ही हात पुढे करून घेतला. त्या टिनाच्या खोलीबद्दल मला आता जराही संकोच वाटत नव्हता. ही माझी आई आहे, असं तिथल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर आई पाहुण्यांना घर दाखवायला उठली, तेव्हा मुलाच्या आईनं तिला हाताला धरून खाली बसवलं. "राहू द्या ताई. आम्हाला जे पाहायचं होतं, ते सकाळीच पाहिलं."

लग्न अमरावतीला, त्या रंगीत काचांच्या चर्चमध्ये झालं. शेजारीण आली होती. सून आली नाही. पण माझ्या हातावरची मेंदी आदल्या दिवशी आमच्या ओसरीवर बसून तिनंच काढून दिली होती.