देवकीकाकूनं कुत्रीसाठी बघितलेलं घर

आमच्या सापगावात देवकीकाकू दारात आली की लोक आधी चहाचं आधण ठेवायचे आणि मग घरातल्या लग्नाच्या पोरीला केस विंचरायला सांगायचे. शहापूर-मुरबाडात कुठल्या घरात मुलगा लग्नाचा झालाय, कुणाची शेती किती, कुणाची सासू कशी, सगळं तिला तोंडपाठ. घरची भाताची गिरण होती, नवरा कुंडलिककाका ती चालवायचा, तेव्हा पोटासाठी ती सोयरिकी जुळवत नव्हती. लग्नात मानाचं लुगडं मिळालं की खूश. पण तिची एक पद्धत होती. खोट असली तर ती सांगायची, फक्त धुऊनपुसून. मुलगी घुमी असली की "लाजरी हाय", मुलगा हात उचलणारा असला की "जरा तापट हाय, संसाराला लागला की निवळंल."

माझ्या थोरल्या बहिणीच्या, रुपालीच्या नवऱ्याबद्दल ती आमच्या ओटीवर बसून हेच बोलली होती. तो काही निवळला नाही. रुपाली सणाला यायची तेव्हा दंडावर पदर ओढून बसायची आणि आई म्हणायची, होईल हळूहळू. म्हणून खरं सांगते, देवकीकाकू मला डोळ्यांसमोर नको असायची.

तशात सत्त्याण्णव साली तिनं कुत्री आणली. उंबरमाळीकडे एका स्थळाच्या चौकशीला गेली होती. तिथल्या बंद पडलेल्या खडीमशीनचे कामगार सामान आवरून निघून गेले होते आणि कुत्री शेडच्या खांबाला बांधलेली तशीच राहिली होती. हाडं वर आलेली, गळ्यात दोर रुतलेला. काकूनं दोर कापला, तिला पदरात गुंडाळलं आणि टेंपोवाल्याशी भांडून घरी आणलं. एवढं मात्र तिचं मानलं पाहिजे.

पण गिरणीच्या घरात ती राहणार कशी? पट्टा सुरू झाला की पोत्यांमागं घुसायची आणि थरथरत बसायची. माणूस समोर असेपर्यंत ताटलीला तोंड लावायची नाही. काका नुसता खोकला तरी जागच्या जागी मुतायची. "हिचा जीव जाईल इथं. दुसरं घर बघ," काका म्हणाला. आता घर बघणं काकूला काय नवीन?

पहिलं घर वाल्मिकचं, टोकावड्याचा ढाबेवाला. काकू त्याला म्हणाली, "लाजरी हाय जरा. रुळंल." मी गिरणीत भात भरडायला गेले होते, माझ्या कानांवर पडलं आणि अंगाचा तिळपापड झाला. ढाब्यावर माळशेजच्या गाड्या, भांड्यांची आदळआपट, ट्रकवाल्यांची गाणी. आठवड्याभरात वाल्मिकनं तिला माघारी आणलं. "वहिनी, मला राखणीला कुत्रं पायजे. ही टाकीमागनं बाहेरच येत नाय."

दुसरं घर मुरबाडजवळच्या एका शेतकऱ्याचं, पोराबाळांनी भरलेलं. तिथंही काकूचं तेच, "लाजरी हाय, पोरांत रमंल." पोरांनी लाडानंच तिला कॉटखालून ओढून काढलं आणि ती एकाच्या हाताला चावली. माणूस वाईट नव्हता, पण लेकराचं रक्त बघून कोण शांत राहील? त्यानं तिला गोणपाटात घालून आणलं आणि गिरणीच्या दारात ठेवून निघून गेला. गोणपाट सोडलं तरी ती बाहेर येईना. काकूनं हात पुढं केला तर तिच्यावरही दात विचकले.

मग गावात कुजबुज सुरू झाली. कुत्री चावकी आहे, गिरणीत पोरं येतात-जातात, संपवून टाका एकदाची. काका मऊ माणूस, पण तोही म्हणाला, "आणखी एक घर बघ. तिथनं परत आली तर मी कुणाला अडवणार नाय."

काकू माझ्याकडे आली. बारावी होऊन मी घरीच होते. "स्नेहल, चल गो माझ्याबरोबर. एकटीला उचलवणार नाय." तिच्यासाठी मी पाऊल टाकलं नसतं. कुत्रीसाठी गेले.

कोंबड्यांच्या डालग्यात तिला घातलं, टोकावड्यापर्यंत जीप आणि पुढं डोंगरातल्या पाड्यावर चढण. अगदी शेवटचं घर कमळूबाबा आणि बाईजाआजीचं. दोघंच म्हातारी, थोडी नाचणी, थोडं भात, चार शेळ्या. त्यांचा कुत्रा बिबट्यानं नेला होता. आजीनं पाणी दिलं. कमळूबाबा काठी घेऊन डालग्यापाशी वाकला तशी आतून कण्हल्यासारखा आवाज आला.

"लाजरी..." काकूनं सुरुवात केली. डालग्याकडे बघत राहिली. मग एका दमात बोलली. "लाजरी नाय. भितरी हाय. काठी बघितली की मुतते. बाप्या माणसानं आवाज चढवला की दिवसभर जेवत नाय. पोराला चावली हाय. दोन घरांतनं परत आली. राखण करंल असं मी सांगणार नाय. आणि तुमच्याकडनं परत आली तर गावातले तिला मारतील. आता तुमी नाय म्हणालात तरी मला राग नाय."

माझ्या उभ्या जन्मात काकूला एवढं खरं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

बाईजाआजीनं विचारलं, "खाते काय?"

"कोण बघत नसलं की."

"मग आमी नाय बघायचो."

कमळूबाबानं हातातली काठी घरामागं नेऊन ठेवली आणि येऊन म्हणाला, "जवळ आलीच नाय तर?"

"तर नाय आली. तुला काय तिच्याशी लगीन लावायचंय?" आजी म्हणाली. डालगं तिनं पडवीच्या कोपऱ्यात नेलं, झाकण काढलं आणि कुत्रीकडे पाठ करून शेळ्यांच्या मागं गेली.

उतरताना माझा तोल सुटला. "कुत्रीचं सगळं सांगितलंस, काकू. माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्याबद्दल काय सांगितलं होतंस?"

काकू वाटेतच दगडावर बसली. "त्यानं स्वतःच्या आईवर हात उचललेला, ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "वाटलं, बायको आली की सुधरंल." आणि रडायला लागली. मला दया आली नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

भातकापणी झाल्यावर कमळूबाबा गिरणीत भात घेऊन आला. कुत्री पडवीत झोपते म्हणाला. आजी शेतावर निघाली की मागनं चालते, लांबून. अंगाला अजून हात लावू देत नाही. "म्हातारी म्हणते, आमाला कुठं घाई हाय," असं म्हणून तो हसला. काकूनं त्याचं भात भरडून दिलं, हात धुतले आणि तशीच मुरबाडच्या जीपमध्ये बसली. रुपालीच्या सासरी.

तिथं काय झालं ते रुपालीनं मला नंतर सांगितलं. काकूनं अंगणात उभं राहून सासूला सांगितलं, "ही सोयरीक मी लपवाछपवी करून जुळवली. पोरीला न्यायला आलेय." रुपालीचा नवरा ओरडला. पण गिरणीच्या आवाजात आयुष्य काढलेली बाई ती, तिच्यापुढं त्याचा आवाज किती टिकणार?

दोघी आमच्या दारात आल्या तेव्हा आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "परत आणलीस? मी गावाला काय सांगू?"

"माझं नाव सांग," काकू म्हणाली. "म्हण, देवकीनं घर चुकीचं बघितलं. पोरीत काय खोट नाय."

रुपाली पिशवी छातीशी धरून खाली बघत होती. आईनं तिच्याकडे बघितलं. मग बाजूला झाली.