आशिया आंटी

आंटीला रडणाऱ्या बायका सहन होत नसत, म्हणून ती त्यांना दिसेनासं करायची. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ऑफिसात गोरेपणाच्या एका क्रीमची सोशल मीडियावरची पानं सांभाळली जात. आशियातल्या नऊ देशांची नऊ पानं. त्यांच्याखाली येणाऱ्या कमेंट निस्तरायचं काम आंटीकडे. मरोळच्या गावठाणातली, पन्नाशीची, गळ्यात क्रॉस. सगळं ऑफिस तिला आशिया आंटी म्हणे.

कधी पासपोर्टही न काढलेल्या या बाईला अख्खा खंड पाठ होता. "जपानवाले शिवी देताना पण सॉरी बोलतात. फिलिपिन्सवाले देवाला मध्ये घेतात. आणि आपले? आधी गुड मॉर्निंगचं फूल, मग बोंब." मी तिच्या हाताखाली लागलो त्या पहिल्याच आठवड्यात थायलंडच्या एका बाईने ५५५ लिहिलं. तो ऑर्डरचा नंबर समजून मी तासभर शोधत बसलो. तिकडे पाचला 'हा' म्हणतात. ती बाई नुसती हसत होती. आंटीने हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि महिनाभर मला पाचशे पंचावन्न हेच नाव पडलं.

चेहरा भाजल्याच्या तक्रारी रोज येत. मी पुसायला गेलो की ती हातावर फटका मारी. "पुसू नको रे, लपव. पुसलं की चवताळतात. लपवलं की लिहिणारीला दिसतं, आपल्याला दिसतं, बाकी कोणाला नाय. तिला वाटतं, जग वाचतंय." नेपाळची एक मुलगी लग्नाच्या तोंडावर आठ दिवस रोज लिहीत होती. तिला मी आठही दिवस लपवलं. "हात बसला तुझा," आंटी म्हणाली आणि डब्यातली एक कोळंबी जास्तीची माझ्या झाकणात टाकली. मला आंटी फार आवडायची. हे सांगायला आज लाज वाटते.

तिने ती पानं वर्षानुवर्षं इतकी स्वच्छ ठेवली की शेवटी तिचाच त्यांच्यावर विश्वास बसला. "एवढ्या बायका चांगलं लिहितात, सगळ्या काय खोटं बोलतात?" असं म्हणून ऑफिसातल्या फुकटच्या ट्यूबा तिने घरी मुलीला नेऊन दिल्या. साखरपुडा पंधरा दिवसांवर होता. पोरीचे दोन्ही गाल सोलून निघाले आणि साखरपुडा मोडला. आंटी साहेबांशी भांडली. साहेबांनी तिला त्याच दिवशी कायमचं घरी पाठवलं आणि तिची खुर्ची मला दिली.

दुसऱ्या दिवशी भारताच्या पानावर तिची कमेंट आली, मुलीच्या फोटोसकट. मी लपवली. मग रोज एक. चौथ्या कमेंटनंतर तिचा फोन आला.

"माझं दिसतंय ना रे सगळ्यांना?"

"दिसतंय, आंटी."

"मग कोणीच कसं काय बोलत नाय?"

मी समोरचं भारताचं पान बंद केलं.

"हात बसला हां तुझा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर तिने काही लिहिलं नाही. त्या चारही कमेंट अजून पानावर आहेत. तिला दिसतात आणि मला दिसतात.