सीलबंद नळीचा पंचनामा

ती केस नुसती आठवली तरी आजही माझं डोकं तापतं. घरचे म्हणतात, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता सोडा. सुटणारी असती तर केव्हाच सोडली असती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. नागपुरात महाल भागातल्या ठाण्यात मी फौजदार होतो. एका सकाळी एका खासगी दवाखान्याचा कंपाउंडर रडकुंडीला येऊन समोर उभा राहिला. मुंबईहून आलेलं पार्सल घेऊन तो स्टेशनवरून सायकलरिक्षाने निघाला होता. वाटेत तर्री-पोहे खायला उतरला आणि पिशवी रिक्षातच ठेवली. रिक्षावालाही चहाला गेला. प्लेट संपेपर्यंत पिशवी गायब! अरे बाबा, पिशवी मांडीवर ठेवून पोहे खाल्ले असतेस तर काय बिघडलं असतं?

"पिशवीत काय होतं?" हवालदारांनी विचारलं.

"नळी."

"कोणती? नळाची?"

"रक्ताची, साहेब. पायात बसवायची."

हवालदारांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर घाईत होते, पण त्यांनी नीट समजावलं. उमरेडचा एक विणकर दाखल होता. मांडीतली रक्तवाहिनी बंद पडून त्याचा उजवा पाय गार पडत चालला होता. त्याची स्वतःची शीर वापरण्यासारखी नव्हती, म्हणून परदेशी बनावटीची कृत्रिम नळी मागवली होती. दोन दिवसांत ती बसली नाही तर पाय कापावा लागणार होता. हातमागाच्या पावड्या पायांनीच दाबाव्या लागतात. पाय गेला की माग गेला, हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

मी सगळे खबरी कामाला लावले. त्या काळात 'फॉरेन' म्हटलं की लोक वेडे होत. घड्याळ, सेंट, रिकामी बाटलीसुद्धा चालायची. चोर हा माल कोणाला तरी दाखवणारच, असा माझा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एक घड्याळ दुरुस्त करणारा ठाण्यात आला. "साहेब, एक जण इंग्रजी लिहिलेलं पाकीट घेऊन फिरून राहिला. मले विचारे, हे काय होय म्हणून." त्याने माणूसही सांगितला. चाळिशीतला, पूर्वी दोनदा आमच्याकडे येऊन गेलेला.

तासाभरात तो माझ्यासमोर बसला होता. आधी नेहमीचं सुरू झालं. मी नाही, मी तर सावनेरला होतो, बायकोची शपथ. मी आवाज चढवला नाही. नळी कोणाची आणि कशासाठी आहे, एवढंच सांगितलं. तेव्हा तो कबूल झाला.

"मले काय मालूम साहेब, कोणाचा पाय हाय म्हणून. घरी पेटीत ठेवली हाय. फोडली नाही. पॅकबंद मालालेच गिऱ्हाईक भेटते."

दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. एक पंच ठाण्यासमोरचा पानठेलेवाला, कारण ऐनवेळी तोच सापडायचा. बायकोच्या लुगड्यात गुंडाळलेलं पाकीट चोराने काढून दिलं. एकावर एक दोन पारदर्शक आवरणं, दोन्ही शाबूत. मला इतका आनंद झाला की त्याची पाठ थोपटायचीच बाकी होती.

मग हवालदार म्हणाले, "साहेब, आतला माल पाह्यल्याशिवाय वर्णन काय लिहू? लांबी, रंग, वजन?"

आदल्याच वर्षी एका सीलबंद डब्यावरून कोर्टाने मला झापलं होतं. आत काय होतं ते पंचांनी पाहिलं नाही, म्हणून आरोपी सुटला होता. ते डोक्यात होतं. मी म्हणालो, "खोला."

"खोलू नका ना साहेब," चोर म्हणाला. "खोलल्यावर ते कामाचं राहत नाही."

"तू गप्प बस रे!" मी खेकसलो.

चोराला अक्कल होती. मला नव्हती.

हवालदारांनी ब्लेडने दोन्ही आवरणं कापली. पांढरीशुभ्र, मऊ नळी निघाली. फूटपट्टीने मोजली, तराजूत टाकली. पंचांनी हातात घेऊन पाहिली. पानठेलेवाल्याने कात-चुन्याच्या बोटांनी तिच्यावरचा पापुद्रा नखाने सोलून पाहिला. "आत अजून काही लपवलं असन तर?" म्हणाला. मी शाबासकी दिली त्याला! मग वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, लाखेचं सील केलं. ठाण्यात येऊन दवाखान्यात फोन केला, "नळी मिळाली. घरच्यांना सांगून टाका, काळजी करू नका."

डॉक्टर स्कूटरवर धावतच आले. टेबलावरचं ते पुडकं पाहून त्यांनी विचारलं, "हे उघडलं कोणी?"

"पंचनाम्यासाठी उघडावं लागलं. उकळून घ्या की."

डॉक्टर खुर्चीत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "वाफेने जंतू मरतील. पण हिला बारीक छिद्रं असतात. हाताचं तेल त्यात शिरलं की निघत नाही. आणि वरचा हा पापुद्रा, कांद्याच्या सालीहून पातळ, रक्ताच्या दाबाने नळी फुगू नये म्हणून असतो. तोच सोललाय तुम्ही." मुंबईहून दुसरी यायला आठवडा लागणार होता. पायाजवळ एक दिवस होता.

तिसऱ्या दिवशी पाय मांडीतून कापला.

खटला उभा राहिला, आरोपीला शिक्षा झाली. पंचनामा चोख असल्याचा शेरा न्यायाधीशांनी मारला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला तो शेरा फाडून टाकावासा वाटला. त्यानंतर नोकरीभर मी हाताखालच्या प्रत्येकाला एक वाक्य लिहायला लावलं: 'ही वस्तू काय आहे ते आम्हास समजत नाही, जाणकारास विचारल्याशिवाय उघडलेली नाही.' किती जणांना ते कमीपणाचं वाटायचं! पोलिसाला कळत नाही असं लिहायचं म्हणजे काय? मलाही त्या दिवशी तेच वाटलं होतं.

सरकारी वकिलांनी त्या विणकराला साक्षीला बोलावलं होतं. साक्ष संपल्यावर तो कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसला होता. त्याची बायको मला पाहून उठून आली.

"साहेब, तुमचा फोन आला तवा मी तिथंच होती. नळी भेटली म्हणे. मंग ह्यायचा पाय काहून गेला?"

डॉक्टरांनी तिला सांगितलंच नव्हतं. मला वाचवलं होतं त्यांनी. काही वैद्यकीय कारण ठोकून देता आलं असतं, तिला ते खरंही वाटलं असतं.

"बाई, ती मी उघडायला लावली. म्हणून ती बसवता आली नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "डॉक्टरले विचाराचं ना गा एकदा," ती म्हणाली. मग वळली आणि नवऱ्याला उठवायला त्याच्या काखेत हात घातला.